समासाबाहेरचा अभिप्राय : विद्यार्थ्यांच्या लेखनावरील ध्वनिमुद्रित शेऱ्यांचा विचार

विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध, अहवाल किंवा प्रकल्प वाचून झाल्यावर त्याविषयीचे म्हणणे शिक्षकाने समासात न लिहिता बोलून ध्वनिमुद्रित करावे आणि ती ऑडिओ फाइल विद्यार्थ्याकडे पोहोचवावी, या पद्धतीला येथे ध्वनिमुद्रित अभिप्राय असे म्हटले आहे. पद्धत दिसायला साधी आहे आणि तिला लागणारे साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही कॅसेटच्या काळापासून ती उच्च शिक्षणाच्या उंबरठ्यावर येते, कौतुक करून घेते आणि बहुतेक ठिकाणी चार-दोन उत्साही प्राध्यापकांपुरती उरते. असे का होत असावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असून त्याचे उत्तर रेकॉर्डरच्या गुणदोषांपेक्षा अभिप्राय सत्राच्या कोणत्या टप्प्यावर दिला जातो यात शोधावे लागते, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

शिक्षणशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत अभिप्रायाला प्रत्याभरण अशी संज्ञा आहे. या संज्ञेची सर्वाधिक उपयोगी पडलेली व्याख्या व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक रामप्रसाद यांनी १९८३ मध्ये केली. प्रत्यक्षात गाठलेली पातळी आणि अपेक्षित पातळी यांतील अंतराविषयीची माहिती म्हणजे प्रत्याभरण खरे, पण ती माहिती ते अंतर कमी-जास्त करण्यासाठी वापरली गेली तरच तिला ते नाव द्यावे, अशी त्यांची अट होती. ऑस्ट्रेलियातील रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये हीच अट विद्यार्थ्याच्या बाजूने मांडली. चांगले काम कसे असते हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे, आपले काम त्याच्याशेजारी ठेवून पाहता आले पाहिजे आणि दोहोंतील अंतर मिटवण्यासाठी त्याला काहीतरी करता आले पाहिजे, अशा तीन गोष्टी त्यांनी आवश्यक मानल्या. यांतील तिसरी गोष्ट महाविद्यालयीन व्यवहारात सर्वाधिक दुर्लक्षित राहते. सत्र संपल्यावर, गुण लागल्यावर, पुढच्या विषयाची पुस्तके उघडल्यावर हाती आलेला शेरा कितीही मार्मिक असला तरी रामप्रसाद यांच्या कसोटीवर तो प्रत्याभरण ठरत नाही. फार तर निकालपत्राची पुरवणी ठरतो. आपल्याकडे शिकता शिकता सुधारणेसाठी होणाऱ्या मूल्यमापनाला आकारिक आणि शेवटी गुण ठरवण्यासाठी होणाऱ्या मूल्यमापनाला संकलित म्हणतात. ध्वनिमुद्रित अभिप्रायाचे बरेवाईट यांपैकी कोणत्या बाजूला तो वापरला जातो यावर अवलंबून आहे.

गुण आणि शेरा यांचे एकमेकांशी फारसे पटत नाही, ही गोष्टही येथेच लक्षात घ्यावी लागते. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात वारंवार उद्धृत केला जातो. मुलांच्या एका गटाला केवळ शेरे, दुसऱ्याला केवळ गुण आणि तिसऱ्याला दोन्ही देण्यात आले, तेव्हा केवळ शेरे मिळालेल्यांची कामगिरी आणि गोडी सुधारली. गुण आणि शेरे एकत्र मिळालेल्यांची अवस्था मात्र केवळ गुण मिळालेल्यांच्या जवळ जाणारी होती. शाळकरी मुलांवरचा निष्कर्ष पदवीच्या वर्गाला जसाच्या तसा लावणे शास्त्राला धरून होणार नाही. तरी उत्तरपत्रिका हाती पडताच विद्यार्थ्याचा डोळा प्रथम कोठे जातो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या निष्कर्षाचे नवल वाटू नये.

आवाजात शेरा देण्याची कल्पना डिजिटल युगाची नाही. फिलिप्स कंपनीची कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आली आणि पुढच्या दोन दशकांत ती स्वस्त झाली, तशी काही अध्यापकांनी, विशेषतः लेखनकौशल्य शिकवणाऱ्या अमेरिकी अध्यापकांनी, निबंधासोबत कॅसेट परत देण्याचे प्रयोग केले. ब्रिटनमध्ये पॅट्रिशिया क्रायर आणि एन. कैकुंबा यांनी १९८७ मध्ये कॅसेटवरील अभिप्रायाविषयी लिहिले. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला तर अभिप्रायाचे महत्त्व स्थापनेपासूनच ठाऊक होते. १९६९ मध्ये सनद मिळालेल्या आणि १९७१ मध्ये शिकवू लागलेल्या या विद्यापीठात विद्यार्थी आणि शिक्षक एका खोलीत क्वचितच येत असल्याने घरून पाठवलेल्या स्वाध्यायावर ट्यूटरने लिहिलेला शेरा हाच शिकवण्याचा मोठा भाग होता. हे दूरशिक्षणाचे प्रारूप पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या आणि १९८९ मध्ये नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या रूपाने भारतातही उभे राहिले. कॅसेटची अडचण तिच्या स्वरूपातच होती: प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळी कॅसेट, तिच्यावर नाव, ती पाठवण्याचा खर्च, आणि ऐकायला यंत्र. एमपी३ फाइल आणि विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरील अभ्यासप्रणाली, म्हणजे मूडलसारख्या व्यवस्था, आल्यावर ही अडचण एका फटक्यात संपली. बोलण्यासाठी पुरेशा असलेल्या ६४ किलोबिट प्रतिसेकंद या दराने मुद्रण केले तर एका मिनिटाला साधारण अर्धा मेगाबाइट जागा लागते. चार मिनिटांचा अभिप्राय दोन मेगाबाइटांतही मावतो.

या नव्या सोयीची सर्वांत विचारपूर्वक तपासणी इंग्लंडमधील लीड्स मेट्रोपॉलिटन विद्यापीठात झाली. हेच विद्यापीठ २०१४ पासून लीड्स बेकेट या नावाने ओळखले जाते. पार्श्वभूमी अशी, की २००५ पासून ब्रिटनमध्ये अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय सर्वेक्षण सुरू झाले आणि त्यात मूल्यमापन व अभिप्राय या सदराला इतर सदरांच्या तुलनेत वर्षानुवर्षे कमी समाधान मिळू लागले. विद्यापीठांच्या प्रशासनाला घाम फुटावा असाच हा प्रकार होता. शिक्षक म्हणत की शेरे लिहून बोटे दुखतात. विद्यार्थी म्हणत की शेरे उशिरा येतात, त्रोटक असतात आणि त्यांतून काही उमगत नाही. आणि दोघांचेही खरे होते. बॉब रॉदरम यांच्या नेतृत्वाखाली २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘साउंड्स गुड’ या प्रकल्पाला जेआयएससी या ब्रिटिश संस्थेने पैसा पुरवला. त्याच्या उपशीर्षकातच अधिक जलद आणि अधिक चांगल्या मूल्यमापनाचे आश्वासन होते. निरनिराळ्या विद्याशाखांतील आणि पातळ्यांवरील अध्यापकांनी हातात मावणारे रेकॉर्डर घेऊन आपले अभिप्राय मुद्रित केले आणि दोन टप्प्यांत हे काम चालले.

प्रकल्पाने आपल्या निष्कर्षांत दाखवलेला प्रामाणिकपणा दाद देण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांना हे अभिप्राय मनापासून आवडले: ते अधिक तपशीलवार वाटले, आपले काम खरोखर वाचले गेले आहे याची खात्री त्यांतून पटली. चांगलेपणाचे आश्वासन असे बऱ्याच अंशी पाळले गेले. जलदपणाचे मात्र पाळले गेले नाही, किंवा फार अटींवर पाळले गेले. वेळ वाचण्याची शक्यता सर्वाधिक केव्हा, तर शिक्षक यंत्राला सरावलेला असेल, त्याचा लिहिण्याचा किंवा टंकण्याचा वेग कमी आणि बोलण्याचा जास्त असेल, अभिप्राय मुळातच भरपूर द्यायचा असेल आणि फाइल पोहोचवण्याची व्यवस्था सुटसुटीत असेल तेव्हा, असे प्रकल्पाला आढळले. म्हणजे पूर्वी तीन ओळी खरडणाऱ्या शिक्षकाचा वेळ वाचत नाही; पूर्वी दोन पाने लिहिणाऱ्याचा वाचतो. प्रशासनाला हवे होते त्याच्या नेमके उलट हे उत्तर आहे, कारण चिंता पहिल्या प्रकारच्या शिक्षकाची होती.

विद्यार्थ्यांना आवडणे आणि विद्यार्थ्यांनी शिकणे या दोन गोष्टी या क्षेत्रातील बऱ्याच लेखनात एकाच दावणीला बांधल्या जातात. अमेरिकेत फिलिप आइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ऑनलाइन अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासात आवाजी अभिप्रायामुळे बारकावे अधिक कळतात, आपण वर्गाचा भाग आहोत असे वाटते आणि शिक्षकाला आपली फिकीर आहे अशी भावना होते, असे विद्यार्थ्यांचे म्हणणे नोंदवलेले आहे. दूर बसलेल्या, शिक्षकाला कधी न पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही मिळकत क्षुल्लक नाही. परंतु शिक्षकाला आपली फिकीर आहे असे वाटल्याने पुढचा निबंध सुधारतो का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो आवडीनिवडीच्या प्रश्नावलीने सुटत नाही. नव्या साधनाचे नवेपणही अशा प्रश्नावल्यांत मिसळलेले असते, हे विसरता कामा नये.

मग आवाजाने नेमके काय मिळते, हे एका उदाहरणाने पाहणे बरे. समजा, महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेवर पदवीच्या विद्यार्थिनीने निबंध लिहिला आहे आणि तिसऱ्या पानावर, १९७२च्या दुष्काळामुळे ही योजना जन्माला आली, असे विधान केले आहे. लेखणी हाती असलेला शिक्षक समासात ‘कारणमीमांसा तपासावी’ असे दोन शब्द लिहून पुढे जाईल, कारण गठ्ठ्यात आणखी साठ निबंध आहेत. विद्यार्थिनीला यातून एवढेच कळते की काहीतरी चुकले आहे. बोलणारा शिक्षक त्याच जागी थांबून साधारण असे म्हणेल: “तिसऱ्या पानावर तू दुष्काळाला सगळे श्रेय देतेस, पण दुसऱ्या पानावर तूच लिहिले आहेस की वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात ही कल्पना दुष्काळाच्या आधीच करून पाहिली होती. मग दुष्काळाने काय केले? कल्पना आणली, की आधीच असलेल्या कल्पनेला सरकारी पैसा आणि निकड मिळवून दिली? शिवाय कायदा तर १९७७चा आहे, दुष्काळ ओसरल्यानंतरचा. एवढा एक परिच्छेद पुन्हा लिहिलास तर निबंधाचा शेवटही बदलेल.” हे बोलायला अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. यात निवाडा कमी आणि कारण जास्त आहे. शेरा लिहिताना हाताला होणारे कष्ट शिक्षकाकडून निवाडा तेवढा लिहवून घेतात आणि त्यामागचा विचार त्याच्याच डोक्यात राहू देतात. बोलताना तो विचार जवळजवळ आपोआप बाहेर पडतो, कारण ‘कारणमीमांसा तपासावी’ एवढेच बोलून गप्प बसणे कोणालाही अवघड जाते. ध्वनिमुद्रित अभिप्रायाचे खरे बळ येथे आहे. विद्यार्थ्यांनी वाखाणलेला जिव्हाळा हे त्याचे उपफळ मानावे.

महाराष्ट्रात या बळाला आणखी एक पदर आहे. वाणिज्य, विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमांचे माध्यम बहुतांशी इंग्रजी असते, तर वर्गातील अनेक जण दहावीपर्यंत मराठीत शिकून आलेले असतात. त्यांच्या प्रकल्प अहवालावर शेरा पडतो तो इंग्रजीत, तोही ठरावीक ठशाचा. आणि जे लिहिताना अडले त्याच भाषेतला शेरा वाचताना ते पुन्हा अडतात. तोच शिक्षक वर्गाबाहेर त्याच विद्यार्थ्याला समजावताना संज्ञा इंग्रजीत ठेवून उरलेले सगळे मराठीत सांगतो आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. ध्वनिमुद्रणात ही बोलण्याची भाषा अभ्यासक्रमाच्या नियमांना धक्का न लावता मूल्यमापनात येऊ शकते. ब्रिटनमधील प्रयोगांना हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे मात्र या पद्धतीच्या बाजूने मांडता येणारा हा कदाचित सर्वांत भक्कम मुद्दा ठरावा.

आता उण्या बाजू. छापील किंवा लिहिलेला शेरा ज्या वाक्याविषयी आहे त्या वाक्याला खेटून असतो. आवाज कागदापासून सुटलेला असतो. म्हणून अनुभवी अध्यापक आधी संपूर्ण लेखन वाचून समासात १, २, ३ असे आकडे घालतात आणि बोलताना त्या आकड्यांचा हवाला देतात. हे न केल्यास विद्यार्थी ‘तिथे तुम्ही जे म्हटले आहे’ यातील ‘तिथे’ शोधत बसतो. टर्निटिनसारख्या प्रणालींत लेखनाच्या शेजारीच आवाज जोडण्याची सोय आहे आणि एका अभिप्रायाला तीन मिनिटांची मर्यादा घातलेली आहे. ही मर्यादा अनेकांना जाचक वाटते, पण शिक्षकांच्या पाल्हाळाचा विचार करता ती उपकारकच म्हणावी लागेल. आवाज वरवर चाळता येत नाही. लिखित पान अर्ध्या मिनिटात नजरेखालून घालता येते आणि हवा तो शेरा पुन्हा सापडतो. पाच मिनिटांच्या मुद्रणातील चौथ्या मिनिटाचे वाक्य शोधायचे तर पुन्हा ऐकणे आले. काहींनी ऐकता ऐकता स्वतः टिपणे काढली तर हेच वैगुण्य गुण ठरते, कारण शेरा स्वतःच्या शब्दांत उतरवणे हा स्वतःच एक अभ्यास आहे. परंतु टिपणे काढणारा विद्यार्थी लिखित शेऱ्यांचाही उपयोग करून घेतोच.

आवाजातून शिक्षकाचा थकवाही ऐकू जातो. पंचविसाव्या निबंधानंतरचा उसासा लेखणीतून झिरपत नाही, मायक्रोफोनमधून झिरपतो. आणि तो उसासा आपल्याच निबंधावरचा आहे असे ऐकणाऱ्याला वाटले तर त्याला दोष देता येत नाही. एक्झिटर विद्यापीठात भूगोलाच्या पदवी विद्यार्थ्यांसोबत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनेक विद्यार्थ्यांना या मुद्रणाखेरीज समोरासमोर बोलणेही हवे होते, असे दिसले. हे स्वाभाविक आहे. आवाज संभाषणाची आशा निर्माण करतो आणि ती पुरी करत नाही, कारण मुद्रण प्रश्नाला उत्तर देत नाही. कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तर निव्वळ आवाजी अभिप्राय म्हणजे अभिप्रायच नव्हे, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अस्तित्वात असताना लिखित प्रत न पुरवणारी कोणतीही योजना संस्थेला समर्थनीय ठरवता येणार नाही. उलट अंध विद्यार्थ्यांना समासातील हस्ताक्षरापेक्षा आवाज कितीतरी सोयीचा. बोलण्याचे लेखन करून देणारी यंत्रे आता मराठीतही कामचलाऊ झाली असल्याने ही अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही, मात्र यंत्राने उतरवलेला मजकूर पाठवण्यापूर्वी एकदा वाचावाच लागतो आणि वाचलेला वेळ तेथे पुन्हा खर्ची पडतो.

वेळेचा हिशेब आपल्या वर्गांच्या आकारात मांडला की उत्साह ओसरतो. एकशेवीस विद्यार्थ्यांचा वर्ग आणि प्रत्येकी चार मिनिटे धरली तर नुसत्या बोलण्याचे आठ तास होतात. वाचन, फाइलला योग्य आसनक्रमांक देणे आणि ती योग्य व्यक्तीलाच गेली याची खात्री करणे हे वेगळे. या शेवटच्या बाबीत ढिलाई झाली तर एकाच्या उणिवा दुसऱ्याच्या कानी जातात आणि लिखित शेऱ्यापेक्षा आवाजात ती चूक अधिक बोचरी ठरते. अंतिम गुणांशी जोडलेले अभिप्राय बाह्य परीक्षकाला किंवा मॉडरेटरला तपासायचे असतील तर त्यालाही ते तेवढाच वेळ ऐकावे लागतात. कागद उलटून नमुना पाहण्याची सोय त्याच्यासाठी राहत नाही.

आपल्याकडील परीक्षापद्धतीत अभिप्रायाचा हक्क हा विषय आला तो न्यायालयाच्या दारातून. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संबंधित खटल्यात, परीक्षार्थीला माहितीच्या अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल, असा निकाल दिला. तो निकाल पारदर्शकतेच्या दृष्टीने मोलाचा होता. मात्र मिळालेली उत्तरपत्रिका उघडल्यावर परीक्षार्थीला दिसतात ते मुख्यतः आकडे आणि बरोबर-चूकच्या खुणा. उत्तर कोठे उणे पडले, हे त्यात नसते, कारण त्या व्यवस्थेने ते कधी मागितलेच नव्हते. अंतर्गत मूल्यमापनाचे स्वाध्याय या व्यवस्थेहून वेगळे असावेत म्हणून आणले गेले, आणि तेही सत्राच्या शेवटी एका गठ्ठ्याने गोळा होऊ लागले की त्यांची गत तीच होते. अशा गठ्ठ्यावर लेखणीऐवजी मायक्रोफोन आणल्याने रामप्रसाद यांची अट पुरी होत नाही.

म्हणून या पद्धतीला जागा द्यायची असेल तर ती मसुद्याच्या टप्प्यावर द्यावी लागेल. विद्यार्थ्याने सत्राच्या मध्यावर कच्चा मसुदा द्यावा, शिक्षकाने त्यावर गुण न देता तीन मिनिटांच्या आत बोलावे, एक ताकद, दोन उणिवा आणि पुढची एक कृती एवढेच सांगावे, मुद्रणाची कापाकापी करत बसू नये आणि शब्द अडखळला तर अडखळू द्यावा. अंतिम लेखनासोबत विद्यार्थ्याने त्या अभिप्रायाचे काय केले हे चार ओळींत लिहून द्यावे. अंतिम लेखनावर मग गुण आणि एखादी लिखित ओळ पुरते. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी किंवा वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या विशेष अभ्यासक्रमासाठी हे वैयक्तिक पातळीवर जमण्यासारखे आहे. एकशेवीसच्या वर्गात तो अट्टहास न धरता शिक्षकाने सर्व मसुदे वाचून वारंवार आढळलेल्या चार-पाच उणिवांवर दहा मिनिटांचे एकच सामायिक ध्वनिमुद्रण करावे, त्यात कोणाचेही नाव न घेता निबंधांतील प्रत्यक्ष वाक्ये उदाहरणादाखल घ्यावीत आणि ज्यांचे मसुदे अगदीच फसले आहेत अशा दहा-पंधरा जणांपुरता स्वतंत्र आवाज राखून ठेवावा; यासाठी विभागाच्या वेळापत्रकात अंतिम तारखेच्या किमान तीन आठवडे आधी मसुद्याची तारीख छापली गेली पाहिजे आणि त्या आठवड्यात शिक्षकाच्या तासिका त्या प्रमाणात कमी केल्या गेल्या पाहिजेत.